पाण्यावरून गेलेली सलामी

गोंदियात स्टेशनकडच्या गल्लीत त्या काळी एक बार होता. त्याच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं होतं, 'टेबल बजाना मना है'. बाहेरचा माणूस ते वाचून हसायचा. आम्ही हसत नव्हतो, कारण ती पाटी आमच्यासाठीच होती. लग्नसराई जवळ आली की जिल्ह्यातले बँडवाले दुपारपासून तिथं येऊन बसायचे. ज्या पार्टीला माणूस कमी पडला तिचा मालक यायचा, कोणाला तरी बयाना द्यायचा आणि ट्रम्पेटवाला नाही तर ढोलवाला उचलून न्यायचा. बाकीच्यांनी करायचं काय? एका क्वार्टरमध्ये तिघं, मधे फुटाण्यांची प्लेट, आणि बोटं काही गप्प बसत नाहीत. एकानं टेबल धरलं की दुसरा ग्लास धरायचा, आणि बघता बघता बारचा मांडव व्हायचा. शेठ गल्ल्यावरून ओरडायचा की लाकूड माझं आहे, तुमच्या बापाचं नाही.

मला तिथं बसायला फार आवडायचं, आणि तिथं बसलेल्या एकाही माणसावर माझा विश्वास नव्हता. खरं सांगतो. कोणी जवळ येऊन "काय भाई, नवीन काय चाललंय" असं गोड विचारलं की मी समजून जायचो, हा आमची नवी धून काढून घ्यायला आलाय. मीही तेच करायला बसलेला असायचो ना! नव्याण्णव साली मी पार्टीत लागलो, बेंजोवर. बेंजो म्हणजे तारांवर बटणं बसवलेलं वाद्य. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्यानं तारा छेडायच्या. पुढं धुमाल पार्ट्या आल्या, म्हणजे ट्रकवर चढवलेले ढोल-कीबोर्डचे मोठे बँड, त्यात त्याचा आवाज कोणाला ऐकू येईना, पण आमच्या वेळी बेंजोवाला म्हणजे पार्टीचं नाक.

आता सलामी म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, नाही तर पुढचं कळणार नाही. वरात दारात आली की पार्टी जी पहिली धून वाजवते ती सलामी. पिक्चरची गाणी सगळेच वाजवायचे, त्यात कोणाची मालकी नव्हती. सलामी मात्र ज्याची त्याची, आणि दर सीझनला नवी. दोन वराती रस्त्यात समोरासमोर आल्या की आधी सलामी द्यायची आणि मग मुकाबला. ज्याची सलामी लोकांच्या तोंडात बसली त्याला पुढच्या वर्षी लग्नं. म्हणून तुळशीचं लग्न होईपर्यंत ती झाकून ठेवायची. घरच्या बाईलासुद्धा ऐकू द्यायची नाही.

आमची पार्टी माझ्या भाऊजींची होती. थोरल्या बहिणीचा नवरा. कुडव्याला राहायचे, घरामागं टिनाचं शेड होतं, तिथं प्रॅक्टिस चालायची. सगळे त्यांना मास्तर म्हणत. गळ्यात माळ, दारूचा थेंब नाही, बारच्या पायरीला कधी पाय लावला नाही. एवढी लग्नं वाजवली, एवढे पिणारे पाहिले, पण माणूस ताकावर राहिला. पार्टीच्या ड्रेसमध्ये कोणी बारमध्ये दिसला की दुसऱ्या दिवसापासून तो घरी. मी ड्रेस काढून बसतो हे त्यांना ठाऊक होतं. बोलायचे नाहीत, फक्त प्रॅक्टिसला आलो की माझ्या तोंडाजवळ येऊन एक लांब श्वास घ्यायचे. साळा म्हणून एवढी सवलत होती.

आणि कान तर काय होते त्या माणसाचे! ढोल, ट्रम्पेट, झांजा सगळं एकदम चालू असताना मागं एकाची झांज केसभर उशिरा पडली तर मान न वळवता त्याचं नाव घ्यायचे. मला सारखे एका गोष्टीवरून बोलायचे. चढत्या जागी एका बटणावरून दुसऱ्यावर जाताना मी बोट उचलत नाही, घसरवतो, म्हणून.

एका वर्षी आमची सलामी फुटली. गोंदियातल्याच एका लग्नात दुसऱ्या पार्टीनं ती आमच्या आधी वाजवली. त्या पार्टीचं नाव घेत नाही, त्यांची माणसं अजून भेटतात. भाऊजींनी कुडव्याच्या घरामागचा सगळा मोहल्ला संशयात घेतला. शेजारचा शिंपी, पलीकडचा सायकलवाला, रोज भिंतीपाशी म्हैस बांधणारी म्हातारी. राईस मिलमधून बारदाना आणून शेडला आतून टांगला. उकाड्यानं आम्ही अर्धमेले झालो. तरी त्यांचं समाधान होईना. मग त्यांच्या डोक्यात आलं की पुढच्या सीझनची प्रॅक्टिस कुडव्याला नकोच, सासुरवाडीला करायची.

त्यांची सासुरवाडी म्हणजे आमचं गाव, चोरखमाऱ्याच्या तलावाच्या अंगाला. तिथं तलावाचा एक फाटा आत शिरलाय. एका बाजूला आमची पाळ, म्हणजे तलावाचा बांध, दुसऱ्या बाजूला झाडी आणि झाडीतून निघणारा रस्ता. भाऊजी पाळीवर उभे राहिले, चारी बाजूंना पाहिलं आणि स्वतःच्या लग्नात हसले नव्हते एवढं खुशीत हसले. इथं आयकणार कोण, मासोळ्या? लोकं धान कापायला बांध्यांमध्ये गेलेली, दिवस कलता कलता पाळीवर कुत्रंही नसायचं. बॅटरीवरचा छोटा ॲम्प्लिफायर, एक भोंगा, आणि आम्ही.

त्या वर्षीची सलामी माझी होती. भाऊजींनी बसवली, पण निघाली माझ्या बेंजोतून. धानाची रोपं लावताना रोवण्याच्या बाया ओळीनं वाकून जे गाणं म्हणतात त्याचा पहिला उठाव घेतला होता आणि पुढं ते मी कुठल्या कुठं नेलं होतं. पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून वाजवली तेव्हा पॅडवाला, जो माझा बालपणापासूनचा दोस्त, काठ्या खाली ठेवून नुसता माझ्याकडं पाहात राहिला. भाऊजी म्हणाले, बरी आहे. त्यांच्या तोंडून 'बरी आहे' म्हणजे दुसऱ्यांची दिवाळी.

तुळशीचं लग्न झालं आणि आमची पहिली मोठी वरात सौंदडची निघाली. तिथल्या स्टेशनच्या रस्त्यावर समोरून दुसरी वरात आली. पार्टी कोणती? तीच. आम्ही मनात हसत होतो, आता या लोकांना दाखवतो म्हणून. त्यांनी आधी हात घातला. आणि वाजली काय, तर माझी सलामी. अगदी रोवण्याच्या उठावापासून. माझे हात बेंजोवर तसेच राहिले. आता आम्ही तीच वाजवली असती तर आम्ही नक्कल करणारे ठरलो असतो, आणि दुसरं काही तयार नव्हतं. भाऊजींनी इशारा केला आणि आम्ही एक जुनंपानं पिक्चरचं गाणं वाजवून मांडवात शिरलो. रस्ताभर भाऊजी आमच्याकडं पाहात होते. एकेकाकडं, आळीपाळीनं. ट्रम्पेटवाल्याकडं, पॅडवाल्याकडं, कीबोर्डवाल्याकडं, माझ्याकडं.

त्यानंतर पार्टीत विष कालवल्यासारखं झालं. जंगलात, पाण्याकाठी, कोणी नसताना बसवलेली धून बाहेर जाते म्हणजे काय? नेणारा आतलाच. जेवायला बसलो तरी कोणी कोणाजवळ बसेना. पॅडवाला लघवीला गेला तरी दोघांच्या नजरा त्याच्या मागं. माझ्याही. त्या पार्टीची काही माणसं तिरोड्याची, आणि तो एकदा तिथं कोणाकडं तरी गेला होता हे मला आठवलं आणि मी ते मनात धरून ठेवलं. कीबोर्डवाल्यानं नवीन बूट घेतले, तर मला ते बूट दिसायचे. एवढं सगळं चालू असताना भाऊजींनी पुढच्या लग्नांसाठी घाईघाईनं नवी सलामी धरली, परत तिथंच, पाळीवर.

आणि एके दिवशी बेंजो जुळवता जुळवता माझ्या ध्यानात आलं. लहानपणी त्या पाळीवर आम्ही ढोरं घेऊन बसायचो. समोरच्या काठाला बाया कपडे धुताना भांडायच्या आणि आम्हाला त्यांच्या शिव्या शब्द न् शब्द ऐकू यायच्या. कोणाच्या सासूनं काय केलं ते सगळं आम्हाला पाठ. मग आपला भोंगा? समोर झाडीत रस्त्याला लागून दोन-तीन वर्षांपूर्वी एक बार झाला होता. मागच्या खिडक्या पाण्याकडं. तळलेली मासोळी चांगली मिळायची म्हणून पार तिरोड्याकडची माणसं यायची.

भाऊजींना तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, असं लोक म्हणतात. काय सांगणार होतो? नुसता अंदाज घेऊन गेलो असतो तर त्यांनी मला पाळीवरून ढकलला असता. म्हटलं, आधी स्वतः ऐकून येऊ. ताप आला म्हणून सांगितलं, सायकल काढली आणि रस्त्यानं वळसा घालून त्या बारमध्ये जाऊन बसलो. उन्हं उतरत होती. मासोळी मागवली. बाहेर पाणी एकदम थांबलेलं. आणि थोड्या वेळात कीबोर्ड आला, त्यामागं पॅड. शेजारच्या खोलीत कोणी वाजवतंय असं. भाऊजी मधे थांबवून कीबोर्डवाल्याला शिव्या देत होते त्यासुद्धा आल्या. माझा घास हातातच राहिला. बाजूच्या टेबलावर तीन माणसं होती. त्यातला एक त्या पार्टीचा ढोलवाला. प्यायचं सोडून डोळे मिटून बसला होता आणि दोन बोटांनी टेबलावर आमची नवी सलामी वाजवत होता. हळूच, चुकलं की परत पहिल्यापासून.

एवढा आनंद मला लग्नातही झाला नाही. आमच्यात कोणी चोर नाही, हेच मला सापडलं होतं! सायकल हाणत घरी आलो तर अंगणात भाऊजी खाटेवर बसलेले. बाजूला माझी आई, दाराशी बहीण. मी तिकडं बसलोय ही खबर माझ्या आधी पोचली होती. कोणी पोचवली ते मला अजून ठाऊक नाही. माझा अंदाज आहे, पण तो मी लिहीत नाही.

"काऊन गेला होता तिकडं?" भाऊजींनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. धापा टाकत, हातवारे करत. आवाज पाण्यावरून जाते, तुमच्या शिव्याबी आयकू आल्या, तुमी उद्या या माझ्यासंगं, तिथं बसून आयका.

"म्हणजे मले बारमंदी नेऊन बसवतेस?" ते म्हणाले. "त्यायच्या बाजूले बसून खात होता तू. अन् वरून पाण्याचं नाव घेते."

मी म्हटलं, सलामी माझी होती भाऊजी, आपलं लेकरू कोणी विकते का? ते उठले. माळेला हात लावून म्हणाले की आजपासून माझ्या पार्टीत तुझं काम नाही. आईनं काही म्हणायचा प्रयत्न केला, तिलाही थांबवलं. बहीण माझ्याकडं पाहात होती. ती एक शब्द बोलली असती, 'तू असं केलं का रे' एवढं जरी विचारलं असतं, तरी मला चाललं असतं. तिनं विचारलं नाही. तिला विश्वास होता म्हणून की नव्हता म्हणून, हे मी कित्येक वर्षं घोळवत राहिलो. सकाळी दोघं कुडव्याला निघून गेली.

पुढं मी गोंदियात राईस मिलमध्ये लागलो. तिथं एक बरं होतं, मशिनीच्या आवाजात कोणी काही बोललं तरी ऐकू येत नव्हतं. त्या दुसऱ्या पार्टीचा मालक मला शोधत आला. अब तो आ जाओ भाई, म्हणाला, तुम्हारा तो वहाँ कुछ रहा नहीं. गेलो असतो तर भाऊजींचं म्हणणं खरं ठरलं असतं, म्हणून गेलो नाही. स्टेशनकडच्या बारमध्ये जाणंही सोडलं. आत शिरलो की टेबलं वाजायची थांबत. हा कोणाचा माणूस, असं सगळ्यांच्या तोंडावर. माझ्या लग्नात बँड नव्हता. बेंजोवाल्याच्या लग्नात बँड नाही! कोणाला बोलावणार? भाऊजी पाहुण्यासारखे आले, जेवले, गेले. राखीला मी गावी जायचो, बहीणही दर वर्षी यायची. भाऊजी तिला मोटरसायकलवर गावाच्या रस्त्याच्या फाट्यापर्यंत आणून सोडायचे आणि तिथूनच गाडी वळवायचे. ती बॅग घेऊन फाट्यावरून पायी यायची आणि मी दारात उभा राहून पाहायचो. पॅडवाल्या दोस्ताशी माझं बोलणं तुटलं. त्यानं काही केलं नव्हतं कदाचित. पण संशय एकदा अंगात शिरला की घरचं मीठही तपासून खावं वाटतं, आणि मी तसा झालो. बायको अजून म्हणते, तुमी देवाच्याबी तोंडाकडं पाहता.

वर्षं गेली. डीजे आला आणि सगळ्या पार्ट्या एकेक करून बसल्या. सलामी कोण विचारतो आता? पेन ड्राइव्ह लावला की झालं. कुडव्याच्या शेडमध्ये मोटरसायकलचा गॅरेजवाला आला. स्टेशनकडच्या बारला एसी लागला, टेबलांवर काच आली आणि भिंतीवरची पाटी रंगाखाली गेली. त्या पाटीची एवढी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

मग माझी आई गेली. तेरवीसाठी भाऊजींना आमच्याकडं राहावं लागलं. केस पांढरे झालेले, माळ तीच. घरात माझ्याशी कामापुरतं बोलायचे आणि दिवस कलला की एकटेच पाळीवर जाऊन बसायचे. तेरवी झाली त्या संध्याकाळी परत आले आणि मला म्हणाले, पलीकडं काय हाय गा आता? मी म्हटलं, तोच बार. ते चपला काढता काढता थांबले. म्हणाले, कोणीतरी दोन ऑमलेट मांगितले, मले आयकू आलं.

मी त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या आणायला वळलो. मनात म्हटलं, हा माणूस काहीतरी काढून घ्यायला बसलाय. एवढ्या वर्षांनी गळ टाकतोय. दुसऱ्या दिवशी चहा पिताना विचारतात, बेंजो हाय का विकला? मी म्हटलं, कायले? ते म्हणाले, हाय का नाही एवढं सांग. बहीण चुलीपाशी बसली होती. तिनंच उठून फळीवरून बेंजो काढला आणि पदरानं पुसून माझ्यासमोर ठेवला.

भजनी मंडळाचा छोटा ॲम्प्लिफायर मागून आणला. ठरलं असं की मी पाळीवर वाजवायचं आणि भाऊजींनी पलीकडं जाऊन ऐकायचं. गावातल्या एकाच्या मोटरसायकलवर मागं बसून ते गेले. मला काही भरवसा नव्हता. बारच्या दारातून परत फिरतील, रस्त्यावर उभे राहतील आणि येऊन सांगतील की काही आलं नाही. म्हणजे मी दुसऱ्यांदा खोटा. तारा कशाबशा जुळवल्या. पोती ओढून बोटं जाड झालेली, बटणावर बसेनात. पाणी मात्र त्या दिवसासारखंच थांबलेलं होतं. मी सौंदडची सलामी वाजवली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. दुसऱ्या ओळीत चढत्या जागी बोट घसरलं, पण म्हटलं, कोण ऐकतंय, आणि तशीच पुरी केली.

फोन वाजला.

"आयकू आला," भाऊजी म्हणाले.

कुठं बसले, मी विचारलं. आतमंदी, म्हणाले, खिडकीपाशी, सोडा मांगवला. मी विश्वास ठेवायला तयार नव्हतो. काय वाजवलं ते सांगा, म्हटलं. तुही सलामी, सौंदडची, ते म्हणाले. ते तर कोणीही सांगितलं असतं, दुसरं मी काय वाजवणार होतो? मी तसं तोंडावर म्हटलं त्यांना.

पलीकडं सोड्याचा ग्लास बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

"दुसऱ्या ओळीत चुकला तू," ते म्हणाले. "तवाबी तिथंच चुके. बोट उचलत नाहीस. आयक."

आणि फोनमध्ये टकटक सुरू झाली. भाऊजी टेबलावर ती ओळ वाजवून दाखवत होते, जिथं मी घसरतो तिथं बोट नीट उचलून, एकदा, परत एकदा. गळ्यात माळ घातलेला माणूस बारमध्ये बसून टेबल वाजवत होता. माझे डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत, बघायला कोण होतं? तेवढ्यात कोणीतरी त्यांना म्हणालं, "चाचा, टेबल मत बजाओ." ते मला फोनमध्ये ऐकू आलं, आणि लगेच मागोमाग पाण्यावरूनही आलं.

मी फोन बंद केला नाही. तसाच पाळीवर ठेवला आणि दुसरी ओळ परत घेतली.